दहावीनंतर आयटीआय : प्रवेशाआधी कार्यशाळा पाहा

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांतून आठवडाभर पेढे वाटले जातात. त्यानंतर घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पोराला आता कुठे घालायचे? चांगले गुण असलेला अकरावी सायन्सला जातो. बेताचे गुण असलेल्याला वडील दुकानावर किंवा लूमवर बसवतात. या दोन वाटांच्या मधली तिसरी वाट म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जिला सगळे आयटीआय म्हणून ओळखतात. या वाटेने जाणारी आपली मुले पुष्कळदा ट्रेडची आणि संस्थेची चौकशी न करताच जातात. शेजारच्या मुलाने इलेक्ट्रिशियन घेतले म्हणून आपणही घेतले, असा प्रकार असतो. व्यापारी आणि कारागीर बंधूंनी प्रवेशापूर्वी कोणती चौकशी करावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

सौदा करण्यापूर्वी माल पाहतो, मग इथे का नाही?

मी भिवंडीत कोऱ्या कापडाचा व्यापार करतो. ताका समोर आला की आधी पन्हा मोजतो. मग भिंग लावून इंचात ताण्याचे व बाण्याचे धागे किती ते मोजतो, वजन करतो आणि दोन-चार ठिकाणी ताका उलगडून पाहतो. विणणारा ओळखीचा असला तरी पाहतो. व्यापारात याला कोणी अविश्वास म्हणत नाही.

माझ्या भाच्याच्या बाबतीत मात्र मी हे केले नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या विधवा बहिणीचा मुलगा दहावी झाला. त्याला मशीनची आवड. एका खाजगी संस्थेचा मोठा फलक मी रोज जाता-येता पाहत असे. एका वर्षात मेकॅनिकल डिप्लोमा आणि नोकरीची हमी, असे त्यावर लिहिलेले होते. मी बहिणीला सांगितले, तिथे घाल. ती म्हणाली, "भाईजान, तुम्ही पाहून आलात ना?" मी हो म्हणालो. प्रत्यक्षात मी फक्त फलक पाहिला होता.

पासष्ट हजार रुपये फी तिने दागिना मोडून भरली. मुलगा वर्षभर दोन खोल्यांत बसून वहीत आकृत्या काढत राहिला. लेथ एकच होते आणि तेही बंद. वर्षअखेर रंगीत प्रमाणपत्र मिळाले. ते घेऊन तो एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारीसाठी गेला. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून विचारले, हे कोणत्या परिषदेचे? त्यावर ना केंद्राच्या परिषदेचे नाव होते, ना राज्याच्या मंडळाचे. कागद परत मिळाला. संस्थेकडे गेलो तर फी परत मिळणार नाही, असे अर्जावर छापलेले दाखवण्यात आले. खाली सही बहिणीची होती.

पैसे मी नंतर बहिणीला दिले. गेलेले वर्ष देणे माझ्या हातात नव्हते. पुढच्या हंगामात मुलाने सरकारी आयटीआयमध्ये कातारी, म्हणजे टर्नर, या ट्रेडला प्रवेश घेतला. त्या वेळी मी जे पाहायला शिकलो ते खाली क्रमाने देत आहे.

पहिली चौकशी : प्रमाणपत्र कोणाचे?

आपल्या देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. १९५६ साली राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. तिलाच लोक एनसीव्हीटी म्हणतात. २०१८ साली केंद्र सरकारने एनसीव्हीईटी ही नवी परिषद स्थापन केली, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. आयटीआयचा अभ्यासक्रम आणि अखिल भारतीय परीक्षा केंद्राच्या कौशल्य विकास मंत्रालयाखालील प्रशिक्षण महासंचालनालय ठरवते. महाराष्ट्रात संस्थांचा व प्रवेशांचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे. परीक्षा पास झाल्यावर जे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते ते देशात कुठेही चालते.

राज्यात सरकारी आयटीआय चारशेच्या वर आहेत आणि खाजगीही पुष्कळ आहेत. खाजगी म्हणजे वाईट असे मुळीच नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मान्यता ही ट्रेडवार आणि तुकडीवार मिळते. एखाद्या संस्थेला वेल्डरच्या एका तुकडीची मान्यता असेल आणि ती संस्था त्याच फलकाखाली आणखी चार कोर्स बिनमान्यतेचे चालवत असेल, असे होऊ शकते. म्हणून 'तुमची संस्था मान्यताप्राप्त आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे. 'या ट्रेडच्या या तुकडीला मान्यता आहे का?' असे विचारावे आणि मान्यतेचा कागद पाहायला मागावा. संचालनालयाच्या प्रवेश पोर्टलवर संस्थेचे व ट्रेडचे नाव आहे की नाही, हेही ताडून घ्यावे. कागद दाखवायला जो कुरकुर करतो, त्याच्याकडून आपण सूतसुद्धा घेणार नाही.

डिप्लोमा या शब्दाने फसू नये. दहावीनंतरचा इंजिनिअरिंग डिप्लोमा तीन वर्षांचा असतो, तो पॉलिटेक्निकमध्ये होतो आणि त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. काही पॉलिटेक्निक स्वायत्त आहेत, पण तीही शासनमान्यच असतात. कोणी एका वर्षात मेकॅनिकल डिप्लोमा देतो म्हणाला तर तिथेच थांबून चौकशी करावी. मी थांबलो नाही, हे वर सांगितलेच आहे.

दुसरी चौकशी : मशीन किती आणि मुले किती?

आयटीआयचा अभ्यासक्रम २०२२ साली नव्याने बांधण्यात आला. त्यानुसार वर्षाला १२०० तास धरलेले आहेत आणि त्यांतले ८४० तास प्रात्यक्षिकाचे आहेत. म्हणजे शंभरातले सत्तर तास मुलाने कार्यशाळेत उभे राहून काम करावे, अशी योजना आहे. परीक्षेतही प्रात्यक्षिकात पास होण्यासाठी १०० पैकी ६० गुण लागतात, लेखी विषयांना मात्र ३३ पुरतात. या शिक्षणाचा सारा भर हातावर आहे, हे यावरून दिसेल.

आता व्यापाऱ्याचा हिशोब करू. टर्नरच्या तुकडीत २० मुले असतात. समजा कार्यशाळेत चालू स्थितीतील लेथ १० आहेत. मग एका लेथवर दोन मुले. ८४० तासांतले ४२० तास एका मुलाच्या वाट्याला येतात. चालू लेथ ५ असतील तर एका मशीनवर चार मुले आणि एकाच्या वाट्याला २१० तास. दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये हा फरक ८४० विरुद्ध ४२० तासांचा झाला. सगळेच प्रात्यक्षिक लेथवर होत नाही, त्यामुळे हा हिशोब ढोबळ आहे. पण प्रमाणपत्र दोघांचे सारखेच असते आणि हात सारखा नसतो, हे समजायला तो पुरेसा आहे.

म्हणून संस्था पाहायला जाताना चालू दिवशी, कामाच्या वेळी जावे. सुट्टीच्या दिवशी मशीन पुसून ठेवलेली सुंदर दिसतात. पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) लेथच्या खाली लोखंडाचा ताजा कीस पडलेला आहे का? कीस असेल तर काम होते. मशीनवर धुळीचा थर असेल तर आणखी काही विचारण्याची गरज नाही.

(२) कच्चा माल येतो का? वेल्डिंगच्या मुलाला रॉड आणि पत्रा मिळाला नाही तर तो काय शिकणार? मुलांनाच विचारावे, ती खरे सांगतात.

(३) शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा, त्या ट्रेडचा आहे का? जागा रिकामी असेल तर दुसऱ्या ट्रेडचा निदेशक वेळ मारून नेतो. सरकारी संस्थेतही हे विचारावे.

(४) गेल्या वर्षी पास झालेल्या दोन-तीन मुलांची गाठ घालून द्या, असे सांगावे. ती कुठे काम करतात हे त्यांच्या तोंडून ऐकावे.

या चार गोष्टींना एक सकाळ लागते. दुकान दोन तास उशिरा उघडले तर नुकसान होत नाही.

तिसरी चौकशी : कोणता ट्रेड?

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. ट्रेड निवडताना तीन प्रश्न विचारावेत. मुलाचा कल कशाकडे आहे? आपल्या पंचक्रोशीत कोणते काम आहे? आणि नोकरी नाही मिळाली तर या हुनरवर तो स्वतः काय करू शकेल?

जोडारी (फिटर), कातारी (टर्नर) आणि यंत्र कारागीर (मशिनिस्ट) हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत. ज्याला मापात गोडी आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी जो तासभर थांबू शकतो, त्याने इकडे यावे. यांचे काम एमआयडीसीच्या कारखान्यांत, टूलरूममध्ये आणि मोठ्या उद्योगांच्या देखभाल विभागात असते. स्वतःचा धंदा करायचा तर भांडवल लागते, कारण लेथ स्वस्त नसते.

वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) हेही दोन वर्षांचे आहेत. मागणी सर्वांत जास्त आणि त्यामुळे गुणवत्ता यादीही वर असते. घरगुती वायरिंगचे काम मोहल्ल्यात कोणीही करतो, पण कायदेशीर ठेका घ्यायचा तर विद्युत खात्याच्या मंडळाचा परवाना लागतो. त्या वेळी आयटीआयचे प्रमाणपत्र कामास येते. उस्तादाच्या हाताखाली वीस वर्षे काम केलेला कारागीर त्या खिडकीवर अडतो, हे आपण पाहतो.

संधाता (वेल्डर) हा एका वर्षाचा ट्रेड आहे आणि आठवी पास मुलालाही घेता येतो. थोड्या भांडवलात ग्रिल, शटर, फॅब्रिकेशनचे काम सुरू होते. नळ कारागीर (प्लंबर) हाही एका वर्षाचा. ज्या घराला कमाई लवकर हवी आहे, तिथे हे ट्रेड सोयीचे. डोळ्यांची व छातीची काळजी मात्र वेल्डरने पहिल्या दिवसापासून घ्यावी.

प्रशीतन व वातानुकूलन, म्हणजे एसी-फ्रीज दुरुस्ती, दोन वर्षांचा आहे. मोटार मेकॅनिकही दोन वर्षांचा, डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा. गॅरेजचे काम आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण आजच्या गाडीत सेन्सर आणि संगणक आले आहेत. अब्बाजानच्या कानाने इंजिनचा दोष ओळखला जायचा, आता त्याबरोबर स्कॅनरही वाचता आला पाहिजे.

आता आपल्या पॉवरलूमच्या शहरांविषयी दोन शब्द. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या ठिकाणी साध्या लूमचा जॉबर हाताने आणि अनुभवाने काम शिकला. रेपियर, वॉटरजेट आणि एअरजेट लूम आले तसे चित्र बदलले. त्यांत बाण्याचा फीडर इलेक्ट्रॉनिक, डॉबी इलेक्ट्रॉनिक, ताणा सोडणारी यंत्रणाही इलेक्ट्रॉनिक. कार्ड बिघडले की लूम उभी राहते आणि परगावच्या मेकॅनिकची वाट पाहावी लागते. एकेक दिवस लूम उभी राहण्याची किंमत कारखानदारांना सांगायला नको. माझ्या मते लूमवाल्या घरच्या मुलाने इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा वीजतंत्री या ट्रेडचा विचार आधी करावा. दोन्ही दोन वर्षांचे आहेत. घरात लूमची ओळख आधीच आहे, वर ही विद्या आली तर त्याच्या तोडीचा मेकॅनिक गावात शोधावा लागेल. ज्याला कापडाच्याच शास्त्रात जायचे आहे त्याने टेक्स्टाइलच्या डिप्लोमाचा विचार करावा. मुंबईत १८८७ साली स्थापन झालेली व्हीजेटीआय आणि वरळीची सस्मिरा, तसेच इचलकरंजीची १९८२ पासूनची डीकेटीई या संस्थांचे नाव कापडधंद्यात सगळे जाणतात.

मुलींच्या बाबतीत आपण शिवणकामाच्या पलीकडे पाहत नाही. शिवणकामाचा ट्रेड एका वर्षाचा आहे, आठवीवर मिळतो आणि चांगलाच आहे. घरी मशीन चालवणारीला मापे, कर्तन आणि कारखान्याची पद्धत तिथे शिकायला मिळते. पण संगणक चालक (कोपा) आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हेही मुलींना खुले आहेत. अनेक जिल्ह्यांत मुलींसाठी स्वतंत्र सरकारी आयटीआय आहेत. पडद्याची किंवा जाण्या-येण्याची अडचण सांगणाऱ्या पालकांनी आधी तिथे जाऊन पाहावे.

चौथी चौकशी : पुढे कोणते दरवाजे उघडतात?

आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, असा गैरसमज आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. २०१६ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालयाशी झालेल्या करारामुळे आयटीआय झालेल्यांना भाषेची परीक्षा देऊन शालेय समकक्षता मिळवण्याची सोय झाली. काही महाविद्यालयांतून २०१४ पासून बी. व्होक. ही व्यवसाय शिक्षणाची पदवीही सुरू झाली आहे. म्हणून ट्रेड निवडताना एक वर्षाचा की दोन वर्षांचा, हा विचार फक्त कमाईचा नाही. पुढे शिकायचे असेल तर दोन वर्षांचा घ्यावा.

दुसरा दरवाजा शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे अप्रेंटिसशिपचा. यासाठी १९६१ चा कायदा आहे. आयटीआयनंतर कारखान्यात ही उमेदवारी करून परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते आणि शिकताना विद्यावेतनही मिळते. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी ते महिना किमान ७००० रुपये ठरवले गेले. सध्याचा दर नोंदणी करताना शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर पाहून घ्यावा.

इथे कारखानदार बंधूंनाही सांगायचे आहे. २०१९ च्या त्याच दुरुस्तीने ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि ४ माणसे असलेल्यालाही घेण्याची मुभा मिळाली. आपल्या पोरांना कोणी घेत नाही, अशी तक्रार आपण मशिदीच्या पायऱ्यांवर बसून करतो. आपल्यातल्या किती कारखानदारांनी नोंदणी करून बिरादरीतला एक तरी उमेदवार घेतला आहे? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

तिसरा दरवाजा परदेशाचा. कोकणातली आणि मराठवाड्यातली कितीतरी घरे आखाती देशांतल्या कमाईवर उभी आहेत. सौदी अरबने वीजतंत्री, नळ कारागीर, वेल्डर अशा कामांसाठी व्हिसाआधी कौशल्याची चाचणी घेण्यास सुरुवात केली आहे. एजंटाला पैसे भरून चाचणी पास होत नाही, हात लागतो. दहावी पास मुलाला पासपोर्टवर परदेशगमन तपासणीची अट लागत नाही, हाही दहावी पूर्ण करण्याचा एक फायदा आहे.

कागदपत्रांची तयारी निकालाआधी करावी

महाराष्ट्रात प्रवेश ऑनलाइन आणि दहावीच्या गुणांवर होतो. अर्जात संस्था व ट्रेड यांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. जागा त्या क्रमानेच मिळते, म्हणून सायबर कॅफेवाल्याच्या मर्जीने क्रम भरू नये. घरी कागदावर लिहून न्यावा.

आपल्या मुलांचे प्रवेश गुणांपेक्षा कागदांवर जास्त अडतात. शाळेच्या दाखल्यावर नाव 'मोहम्मद', आधारवर 'मो.' आणि गुणपत्रिकेवर 'मुहम्मद', असे असेल तर धावपळ ठरलेली. दुसरी अडचण जातीच्या रकान्याची. जुलाहा, मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या इतर मागास वर्गाच्या यादीत आहेत. पण शाळेत नाव घालताना आपण फक्त 'मुस्लिम' लिहून येतो, आणि मग दाखला काढताना आजोबांचे कागद शोधत फिरतो. मूल आठवीत असतानाच ही दुरुस्ती करून घ्यावी आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला वेळेत काढावा. राज्यात अल्पसंख्याक विकास विभाग २००८ पासून आहे. त्याच्या योजनेतून काही सरकारी आयटीआयमध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी जादा तुकड्या सुरू झाल्या. आपल्या जिल्ह्यात अशी तुकडी आहे का, हे प्राचार्यांच्या कार्यालयात विचारावे.

उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी

मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून हे हक्काने लिहितो. आपला मुलगा कार्यशाळेत मागे पडतो तो अक्कल कमी म्हणून नव्हे. निदेशक मराठीत आणि इंग्रजी शब्दांत शिकवतो आणि याला विचारायची लाज वाटते. माझा भाचा पहिल्या महिन्यात रडकुंडीला आला होता. निदेशक 'व्यास' म्हणाले की त्याला कळत नसे, आणि 'कुतर' म्हटले की लगेच कळे. मग आम्ही एका वहीत तीन रकाने आखले. कुतर, व्यास, डायमीटर. जाविया, कोन, अँगल. मुहीत, परीघ, सर्कमफरन्स. रोज पाच शब्द. दोन-अडीच महिन्यांत वही भरली आणि भीती गेली. प्रवेश मिळाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतच्या दिवसांत प्रत्येक उर्दू माध्यमाच्या मुलाने अशी वही करावी. उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी दहावीच्या सुट्टीत हा वर्ग घेतला तर मोठे काम होईल.

उस्तादाचे शिक्षण आणि सरकारी कागद

काही बुजुर्ग म्हणतील, आमच्या बापजाद्यांनी कुठे आयटीआय केले होते? त्यांचे म्हणणे खोटे नाही. उस्तादाच्या हाताखाली जे मिळते ते कोणत्याही संस्थेत मिळत नाही. पण कागद विचारणारी खिडकी आज प्रत्येक ठिकाणी आहे, आणि ती उस्तादाचे नाव ओळखत नाही. २००६ साली संसदेत मांडलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने आपला समाज स्वयंरोजगारात आणि कारागिरीत किती मोठ्या प्रमाणात आहे, ते दाखवून दिले. आयटीआयच्या शिक्षणाचा लाभ मदरशात शिकलेल्या मुलांपर्यंत जावा, असेही त्यात सुचवलेले होते. हुनर आपल्याकडे आहे, त्यावर शिक्का मारून घेणे बाकी आहे. आयटीआयला वयाची कमाल अट नाही, १४ वर्षे पूर्ण असली की झाले. त्यामुळे तरुण कारागिरालाही वाट बंद नाही. ज्याला पूर्ण वेळ देणे शक्य नाही त्याने आधीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देणाऱ्या योजनेची चौकशी करावी. मात्र काही दिवसांचे असे प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचे ट्रेड प्रमाणपत्र एकच, असे समजू नये.

हाताच्या कामाला हलके समजण्याची सवय आपल्यात कुठून आली कळत नाही. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा आणि त्यांना चिलखत बनवण्यास सांगितल्याचा उल्लेख कुरआन शरीफमध्ये सूरे सबात आहे. नबी आणि बादशाह असूनही ते आपल्या हातच्या कमाईवर जगले, हे हदीसमधून आपण लहानपणापासून ऐकतो. मुलीचे स्थळ पाहताना मात्र फिटर म्हटले की आपण नाक मुरडतो. हेही बदलायला हवे.

शेवटी

माझा भाचा आयटीआय पास झाला. सध्या तो ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करतो. त्याच्याबरोबर दहावी झालेली मुले त्याच्या एक वर्ष पुढे आहेत. त्याने मला कधी बोल लावला नाही. बहिणीनेही नाही. पण यंदा मोहल्ल्यातल्या एका वडिलांनी मला विचारले, अमुक संस्था कशी आहे? मी त्यांना सांगितले, उद्या सकाळी नऊला तयार राहा, दोघे जाऊन पाहू. गेलो. मान्यतेचा कागद मागितला, तो त्यांनी ताबडतोब दाखवला. कार्यशाळेत मशीन चालू होती, खाली कीस पडलेला होता. त्या मुलाने तिथे अर्ज भरला आहे.

बंधूंनो, तुम्हालाही कोणी बहीण, भाऊ, शेजारी विचारील, तुम्ही पाहून आलात ना? हो म्हणण्यापूर्वी जाऊन पाहून या. अल्लाह तआला आपल्या मुलांच्या हातात हुनर आणि त्यांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.